देगावकर सरांच्या काचपट्ट्या

देगावकर सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंतींकडे बघत आणि मग माणसांकडे. माझ्या एका सहाध्यायिनीच्या लग्नाला आले होते तेव्हा नवरानवरीला आशीर्वाद देण्याआधी ते कार्यालयातल्या एका खांबाच्या पायथ्याशी वाकून काहीतरी न्याहाळत होते. बसायला खुर्ची नेहमी दाराजवळची. चपला काढल्या तर टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायच्या, म्हणजे पाय घातला की निघता यावं. पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, यांना सारखं घरी जायचं असतं. सर भितात हे कळायला मला वेळ लागला. त्यांची भीती आपल्यालाही लागली आहे, हे कळायला त्याहून जास्त.

मी अळणावरजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. अप्पा लाकडाच्या वखारीत कामाला. मला धारवाडला बी.एस्सी.ला घालताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "एक वरीस जरी वाया गेलं तरी घरी यायचं, मग दुसरं बघायचं." दुसरं म्हणजे लग्न. त्यामुळे पहिली तीन वर्षं मी सगळ्यालाच भीत होते. सकाळची गाडी चुकेल म्हणून, इंग्रजी पुस्तकातली ओळ वाचायला सांगतील म्हणून, प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही तोंडातून निघणार नाही म्हणून. भूगर्भशास्त्र हा विषय मी काही आवडीने घेतला नव्हता. जागा तिथे उरल्या होत्या.

सर अंगाने काटकुळे होते. उन्हाळा असो, थंडी असो, हातात काळी छत्री. तिनेच ते फळ्यावर दाखवायचे, तिनेच दगड उलटायचे, आणि कमानीखालून जाताना, ऊन नसलं तरी, ती उघडायचे. मुलांना ते 'तम्मा' म्हणत आणि मुलींना 'तंगी', आपल्याकडे कानडीत धाकट्या भावंडांना म्हणतात तसं. घरी मराठी असली तरी सरांची शाळा कानडी, म्हणून बोलणं मराठीत आणि मोजणं कानडीत. आणि मोजायचे सारखे. वर्गात, सहलीत, अगदी चहाच्या टपरीवरसुद्धा, बोट न दाखवता ओठांतल्या ओठांत, ओंदु, एरडु, मूरु, नाकु. आकडा जमला की खांदे जरा खाली यायचे.

या मोजण्यावरून एक गोष्ट घडली, ती आमच्या तुकडीत अजून सांगतात. दुसऱ्या वर्षी सर आम्हाला अळणावरच्या वाटेवरच्या एका जुन्या दगडाच्या खाणीवर घेऊन गेले होते. खाणीत उतरल्यावर त्यांनी आम्हाला कड्यापासून इतकं लांब बसवलं, की खडकातले पट्टे दिसायला डोळे बारीक करावे लागत होते. जवळ सोडताना एकेकाला सोडायचे. "वर बघ, मग खाली बघ, मग हातोडा उचल," हे प्रत्येकाला वेगळं सांगायचे. संध्याकाळी सगळ्यांना बसमध्ये बसवून त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. समाधान झाल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, "होगोण", म्हणजे निघू या. आणि तेवढ्यात खाणीच्या काठावर राहिलेली छत्री आठवली म्हणून मागच्या दाराने खाली उतरले. ड्रायव्हरने 'होगोण' ऐकलं होतं, तो निघाला. आम्ही भेंड्या खेळत होतो. पुढची सीट रिकामी आहे हे लक्षात आलं ते थेट धारवाड जवळ आल्यावर, चहाला थांबू या का हे सरांना विचारायला एक जण उठला तेव्हा.

परत गेलो तर दिवस मावळत होता. सर कड्यापासून बरेच दूर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर छत्री उघडून बसले होते. आता बोलणी खायची म्हणून आम्ही सगळे माना खाली घालून होतो. सर चढले आणि पहिल्यांदा त्यांनी आम्हाला मोजलं. मग म्हणाले, "मघापासून तेच आठवत होतो, बरोबर मोजलं होतं ना मी? एखादं पोर खाणीत राहिलं असेल तर?"

मागून कुणीतरी धीर करून म्हणालं, "सर, तुम्ही स्वतःलाच मोजलं नाही."

सरांनी क्षणभर विचार केला. "ते राहिलंच की," म्हणाले. बस हसली. सर जरा उशिरा हसले.

त्याच वर्षी त्यांनी आम्हाला खंडांचं सरकणं शिकवलं. पुस्तकात तो धडा चार पानांचा होता. सरांनी डबा उघडला आणि त्यातली जोंधळ्याची भाकरी वर काढून मधून मोडली. मोडली ती सरळ नाही, वेडीवाकडी. एक तुकडा माझ्या हातात दिला, एक पलीकडच्या बाकावर.

"हे दोन तुकडे एका भाकरीचे, कशावरून म्हणशील तंगी?"

कड जुळते म्हणून, असं मी कसंबसं म्हणाले.

"कड तर योगायोगानेही जुळेल. आफ्रिकेची कड दक्षिण अमेरिकेच्या कडेला जुळते हे नकाशा बघणाऱ्या पुष्कळांना दिसलं होतं. तेवढ्यावर मानू नका. करपलेला डाग बघा."

भाकरीवर तव्याचा एक तपकिरी डाग होता आणि मोड नेमकी त्यातून गेली होती. अर्धा डाग माझ्याकडे, अर्धा पलीकडे. तुकडे जवळ आणले की डाग पुरा व्हायचा. खडकांचं तसंच, सर म्हणाले. समुद्राच्या या काठाला एक जुना पट्टा तुटतो आणि त्या काठाला तोच पुढे सुरू होतो. "जगात कुठंही भूगर्भ शिकणारा पोरगा धारवाड हे नाव शिकतो, इथल्या जुन्या खडकांमुळे. आणि तुम्ही धारवाडात राहून पेढा तेवढा शिकलात." मग त्यांनी सांगितलं, की आपल्या या खडकांचे सोबती मादागास्कर बेटाच्या पूर्व भागात आहेत. एकाच तव्यावरचे. मध्ये समुद्र नंतर आला.

एकेक पुरावा ते असा समोर ठेवायचे, जणू कोर्टात कुणाचा जीव अडकला आहे. एका सरड्यासारख्या प्राण्याचे सांगाडे ब्राझीलमध्ये सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेत. प्राणी उथळ पाण्यातला. "उणकलच्या तळ्यातला मासा कधी अरबस्तानात गेलाय का पोहत?" एका झाडाची जिभेसारखी पानं दगडात उमटलेली, ती भारतात आहेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, आणि बर्फाखालच्या अंटार्क्टिकातही. आणि चांद्याकडच्या उन्हात भाजणाऱ्या खडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत. त्याचा फोटो मागच्या खोलीत टांगलेला होता. सर त्याच्यावरून बोट फिरवत तेव्हा मला उगाच थंडी वाजल्यासारखं व्हायचं. आपण उभे आहोत ती जमीन कधीतरी दक्षिणेच्या बर्फात होती आणि अजूनही हळूहळू ईशान्येकडे चालली आहे, हे ऐकून मी घरी जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पा जेवत होते. "आनि मी म्हनतोय, इतकी वर्सं एका जाग्यावर आहे," म्हणाले आणि पुढचा घास घेतला. मला मात्र काही दिवस पाऊल टाकताना चुकल्यासारखं वाटत राहिलं.

धड्याचा शेवट सर नेहमी एका माणसावर करायचे. ज्या जर्मन शास्त्रज्ञाने हे सगळे पुरावे एकत्र मांडले, तो मुळात हवामानाचा अभ्यासक. मोठमोठे भूगर्भवाले त्याला हसले. त्यांनी विचारलं, एवढी अवाढव्य खंडं ढकलतं कोण? त्याने जी कारणं दिली ती कच्ची निघाली. म्हणून पुराव्यालाही कुणी मानलं नाही. तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला. समुद्राच्या तळाशी जमीन फाटते आणि नवी तयार होते, हे नीट कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. "पुरावा खरा होता. कारण ठाऊक नव्हतं," एवढं म्हणून सर छत्री उचलायचे.

तेव्हा आम्हाला वाटायचं, सर त्या जर्मन माणसाबद्दल बोलतायत.

आमच्या विभागाची मागची खोली मूळ दगडी इमारतीला नंतर जोडलेली होती, विटांची. तिथेच आमची प्रॅक्टिकलं व्हायची. दगडांचे ट्रे, सूक्ष्मदर्शकं, लांब लाकडी टेबलं. जुनी आणि नवी इमारत जिथे मिळते तिथून एक भेग वर गेली होती, खिडकीच्या कोपऱ्यातून फुटून पुन्हा पुढे. दगडाचे पातळ काप ज्या काचपट्टीवर चिकटवून आम्ही बघतो, तसल्या वाया गेलेल्या काचपट्ट्या सर घरी नेत नसत, टाकतही नसत. भेगेवर आडवी काचपट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की करायची, मधला भाग मोकळा. भिंत हलली तर काच ताणत नाही, वाकत नाही. तुटते. सरांनी अशा पट्ट्या त्या भेगेवर खालपासून वरपर्यंत लावल्या होत्या. रोज सकाळी येऊन ते आधी त्यांच्यावरून नजर फिरवत, शेंदूर लावलेल्या देवाकडे बघतात तशी. मुलं त्यांना 'काचपट्टी सर' म्हणायची. शिपाई हनुमंतण्णा तर झाडताना मुद्दाम विचारायचा, "सर, आज भिंतीला नमस्कार केला का?"

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा पट्ट्या तुटायला लागल्या.

पहिली कधी तुटली ते कुणाला कळलं नाही. सकाळी टेबलावर चुन्याची बारीक पूड पडलेली असायची, जणू कुणी रात्री पीठ चाळलं आहे. दार घासायला लागलं, मग जोर लावल्याशिवाय उघडेना. सरांनी त्या दारात एक मोठा ग्रॅनाइटचा तुकडा अडकवून ठेवला, ते बंदच होऊ नये म्हणून. एका दुपारी आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलो होतो. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. आणि मागे टिच्‌ असं झालं. बोटं मोडल्यासारखं, त्याहून मोठं नाही. सर जागेवरच ताठ झाले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळे बाहेर. दप्तरं राहू देत." त्यांचा आवाज चढला असता तर मी इतकी घाबरले नसते. आम्ही अंगणातल्या चिंचेखाली जाऊन उभे राहिलो. सर मोजत होते. भिंत उभी होती. घंटा झाली तरी उभी होती. हनुमंतण्णा आमची दप्तरं एकेक करून आणताना हसत होता, आणि मग आम्हीही हसलो. सर हसले नाहीत.

ते प्राचार्यांकडे गेले. कॉलेजने एक इंजिनिअर आणले. चांगले होते ते, तासभर थांबले, भिंतीवर टकटक करून पाहिलं. मी ट्रे आवरत होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, जुन्याला नवं जोडलं की भेग पडतेच, ही भेग जुनीच आहे. काच उन्हाने तुटली असेल. सर त्यांना समोरच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथे तसंच ऊन यायचं, आणि तिथेही सरांनी तशीच एक पट्टी लावून ठेवली होती. भेग नसलेल्या ठिकाणी. ती शाबूत होती.

इंजिनिअरांनी ती पाहिली. "बरं, मग तुम्हीच सांगा, भिंत हलते कशाने? रस्ता लांब आहे, रेल्वे लांब आहे. पाया कठीण मुरुमावर आहे, कागदावर तसं आहे. काय ढकलतं तिला?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले.

"माहीत नाही तर मी लिहू काय?"

ते गेल्यावर सर बराच वेळ त्या शाबूत पट्टीसमोर उभे होते.

त्यानंतरची प्रॅक्टिकलं मला आठवतात ती सरांच्या पाठीमुळे. शिकवताना ते आमच्याकडे तोंड करत नसत. दारात उभे राहून, भिंतीकडे बघत, खनिजांची नावं सांगायचे. आम्ही मान वर केली की भेग दिसायची, मान खाली घातली की टेबलावरची पूड. माझ्या शेजारची मुलगी एकदा रडायलाच लागली. घरी मी काही सांगितलं नाही. अप्पा म्हणाले असते, मग जाऊ नको.

एकदा व्हरांड्यात सर एकटे होते. मी विचारलं, सर, तुम्हाला एवढी भीती का वाटते? मुलांमध्ये नाना गोष्टी होत्या. कुणी म्हणायचं त्यांचं घर भूकंपात गेलं, कुणी म्हणायचं भाऊ विहिरीत दबला. सर थोडे ओशाळले.

"तसलं काही नाही गं. भूकंप मी फक्त पुस्तकात पाहिलाय. मी लहानपणापासूनचा भित्रा. पाल चुकचुकली तरी उठून बसायचो." मग छत्रीचं टोक फरशीच्या फटीत फिरवत म्हणाले, "भित्र्याला दोन वाटा असतात तंगी. डोळे मिटायचे, नाहीतर बघत राहायचं. डोळे मिटले की मला जास्त भीती वाटते."

वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी मी पोचले तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं. सर चिंचेखाली टेबलं लावून घेत होते. दगडांचे ट्रे त्यांनी आधीच बाहेर आणवले होते. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "वरची पट्टीही तुटली." वरची म्हणजे छतालगतची, शेवटची. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात दिसत होती.

प्राचार्य आले. त्यांच्याबरोबर बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई होत्या, पदर खोचलेल्या, हातात पाण्याची बाटली. प्राचार्यांनी आवाज न चढवता किल्ली मागितली.

"नाही देणार, सर," देगावकर सर म्हणाले.

"देगावकर, निवृत्तीला किती दिवस राहिले तुमच्या? आता हे कशाला?"

"म्हणूनच. पुढे बघायला मी नसेन."

"आणि परीक्षाच रद्द झाली तर? या मुलांचं वर्ष गेलं तर तुम्ही देणार आहात परत?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. एक वर्ष म्हणजे माझ्यासाठी सगळंच होतं. त्या क्षणी मला भिंतीची भीती वाटत नव्हती, सरांची वाटत होती. ते आता मोजतायत हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मोजून झाल्यावर त्यांनी खिशावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

परीक्षक बाईंनी विचारलं, "कारण काय आहे?"

"कारण मला सांगता येत नाही, मॅडम. पुरावा आहे."

बाईंनी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. खोलीला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेल्या. गजांना कपाळ टेकवून त्यांनी आत पाहिलं. आधी भेगेच्या बाजूला, मग समोरच्या भिंतीकडे, मग पुन्हा भेगेकडे. परत आल्या आणि खुर्ची ओढून चिंचेखाली बसल्या. "इथेच घेऊ. खनिजं बघायला उजेड बरा आहे," म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला माझा नंबर आला तेव्हा प्राचार्य अजून तिथेच उभे होते, खोलीकडे पाठ करून. बाई सगळ्यांना त्याच त्या धड्यांतलं विचारत होत्या. मला त्यांनी कानडीतून विचारलं, "खंडं सरकतात हे सांगणाऱ्याकडे इतके पुरावे होते. मग शास्त्रज्ञांनी ते का नाकारलं?"

उत्तर मला येत होतं. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "कारण... पुरावा होता, मॅडम. पण काय ढकलतं ते त्याला सांगता आलं नाही. म्हणून त्यांनी पुरावाच खोटा धरला."

माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, मी फक्त शिकवलेलं सांगितलं. बाईंनी मान खाली घालून काही लिहिलं. प्राचार्य सावकाश व्हरांड्याकडे चालत गेले. सर छत्रीच्या टोकाने मातीत एक रेघ ओढत होते.

भिंत पडली नाही. त्या दिवशी नाही, त्या पावसाळ्यातही नाही. कॉलेजात एक वाक्य फिरलं, भिंत पास झाली, सर नापास. आम्ही पास झालो. सर निवृत्त झाले, निरोप समारंभात शाल अंगावर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. पुढच्या सुट्टीत रंगकाम झालं तेव्हा काचपट्ट्या खरवडून काढल्या, भेगेत सिमेंट भरलं, आणि खोली पुन्हा सुरू झाली. मी विद्यापीठात एम.एस्सी.ला गेले. अप्पांनी दुसरं बघायचं पुढे ढकललं. अधूनमधून सरांचा फोन यायचा. मी कशी आहे हे विचारून झाल्यावर म्हणायचे, "तुझ्या धाकट्यांना विचार गं, आज प्रॅक्टिकल आहे का? रात्री फार पाऊस झाला." मी त्या कॉलेजातल्या मुलींना फोन करायचे आणि पुन्हा सरांना करायचे. त्या दुपारी माझंही कशात लक्ष लागायचं नाही.

मग ती खोली पाडायची ठरली. भिंतीमुळे नाही, तिथे नवी इमारत यायची होती म्हणून. आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "पाडताना पोरं बघायला जमतील. मशीन बघायला फार आवडतं त्यांना. तू जाऊन त्यांना लांब ठेवशील का?"

त्या दिवसानंतरचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सरांकडे नीट बघता येईल. पाया खणला तेव्हा कारण सापडलं. खोलीचा एक भाग मुरुमावर होता. उरलेला भाग एका बुजवलेल्या जुन्या विहिरीवर होता, जिचा कागदावर पत्ता नव्हता. आतली भर दर पावसाळ्यात थोडी थोडी बसत होती. मी सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अस्सं," आणि मग विचारलं, खड्ड्याभोवती दोरी बांधली आहे ना? तोवर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता. नवव्या मजल्यावर.

पाडायच्या दिवशी मी गेले तर चिंचेखाली मुलांची गर्दी होती, मोबाइल वर धरलेले. मी त्यांना हटवून पार रस्त्यालगतच्या कठड्यापर्यंत नेलं. "अक्का, इथून काय दिसणार?" म्हणून ती कुरकुरत होती. सर तेव्हा अजून धारवाडातच होते. न राहवून तेही आले, उघडी छत्री घेऊन, आणि कठड्याशी माझ्याजवळ उभे राहिले. यंत्र वळून आत आलं. ड्रायव्हरने अजून भिंतीला हात लावला नव्हता, तो पायरीजवळचा राडारोडा बाजूला करत होता. आणि भिंत आपोआप आत झुकली. घाई नसल्यासारखी. मग सगळी एकदम, त्या लांब टेबलांच्या जागेवर, जिथे आम्ही माना खाली घालून बसायचो. आवाज पायातून वर आला. धुळीत काही दिसेना.

धूळ बसायला लागली तेव्हा सगळे सरांकडे बघत होते. हनुमंतण्णासुद्धा. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. भिंतीकडेही त्यांनी पाहिलं नाही. ते मुलांकडे बघत होते आणि ओठ हलत होते. धुळीत मधलेच चेहरे लपले, की त्यांचा आकडा चुकत होता, आणि दर वेळी ते पहिल्यापासून सुरू करत होते. छत्री एका हातात उलटी लोंबत होती. चेहरा पांढराफटक.

"सगळे आहेत, सर," मी म्हणाले. "मी मोजलेत."

"नीट मोजलेस?"

मी त्यांच्या बाहीवर हात ठेवला आणि त्यांना ऐकू येईल असं पुन्हा मोजायला लागले, त्यांच्यापासून.

"ओंदु," मी म्हणाले.